दोघींची साक्ष

अंबुबाईंनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या, वाकून हायकोर्टाच्या दगडी जिन्याच्या पहिल्या पायरीला बोटं लावली आणि ती कपाळाशी नेली. मागून येणारे दोन वकील त्यांना वळसा घालून वर गेले.

"बाई, देऊळ नाही हे," सोपानराव मास्तर हळूच म्हणाले.

"ठाव हाय. पर वर बसत्यात ते मोठंच की."

मास्तर चाकणजवळच्या त्यांच्या गावातल्या शाळेवर होते. इंग्रजी वाचणारं गावात तेवढं एकच माणूस. त्यांनी बाईंना चार वेळा समजावलं होतं, की अपिलात साक्षीदाराला कुणी बोलवत नाही, कुणी काही विचारत नाही. बाईंचं एकच म्हणणं होतं, "म्या बसून ऐकीन." सून कुसुम हिला त्यांनी आळंदीला जाते म्हणून सांगितलं आणि पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने निघाल्या.

आतल्या दालनात छत इतकं उंच होतं की पंखे लांब दांड्यांवरून खाली लोंबत होते. समोर दोन न्यायमूर्ती. एक म्हातारे, चष्म्यावरून बघणारे. दुसरे तरुण, सारखे लिहिणारे. सगळं इंग्रजीत चाललं होतं. मागच्या बाकावर मास्तर बाईंच्या कानाशी वाकून जमेल तेवढं मराठीत सांगत होते.

"आरोपीचा वकील म्हणतोय, पोरीच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. डॉक्टरला काही सापडलं नाही."

अंबुबाईंनी वहाणा मांडीवर घट्ट धरल्या. डॉक्टरला सापडायचं कुठून? तिसऱ्या दिवशी नेलं होतं तिला. त्या संध्याकाळी कुसुम यशवंतरावाच्या कांद्याच्या वखारीतून भिंत धरत घरी आली, तेव्हा चुलीवर पाणी तापवून देणाऱ्या त्याच होत्या. तिचं लुगडं दगडावर आपटून धुणाऱ्याही त्याच. "कुनाम्होरं तोंड उघडू नगंस. आपली दोघींची चूल त्याच वखारीवर हाय," असं त्यांनी तिला बजावलं होतं. दोन दिवस कुसुम दारामागे बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठली, वेणी घातली आणि एकटी चावडीवर जाऊन पोलीस पाटलाला सगळं सांगून आली.

पुण्याच्या कोर्टात आधी कुसुमची साक्ष झाली. अंबुबाई बाहेर बाकावर होत्या. आत काय बोलणं झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा पुकारा झाल्यावर सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? बाईंनी पिंजऱ्याच्या कठड्याला धरलं. समोर सगळं गाव बसलेलं. "तिसऱ्या दिसाला," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदी पोरगी काय बोललीच न्हाई." कुसुमने तासापूर्वी त्याच जागी उभं राहून सांगितलं होतं, की त्याच सांजेला आत्याबाईंना सगळं सांगितलं आणि त्यांनीच गप्प बसवलं.

जज्जसाहेबांनी तरीही यशवंतरावाला पाच वर्षांची शिक्षा दिली. तो अपिलात गेला, जामिनावर सुटला. गाव मात्र कुसुमवर उलटलं. पोटच्या पोरीसारखं वागवणाऱ्या सासूला भर कोर्टात खोटं पाडलं म्हणून पाणवठ्यावर बाया तिच्याशी बोलेनात. अंबुबाईंनी ते ऐकलं आणि त्या गप्प राहिल्या. एक दिवस, दोन दिवस, असं करता करता वर्ष सरलं.

"आता काय म्हनतोय त्यो?" त्यांनी विचारलं.

मास्तर घुटमळले. "म्हणतोय, एकाच घरातल्या दोघी. एक म्हणते त्याच दिवशी सांगितलं, दुसरी म्हणते सांगितलं नाही. दोघींपैकी एक खोटी. मग एकट्या पोरीच्या शब्दावर माणसाला तुरुंगात कसं घालायचं?"

अंबुबाई उठून उभ्या राहिल्या.

"म्या," त्या म्हणाल्या. "म्या खोटं बोलले, सायेब."

पट्टेवाला लगबगीने आला. मास्तर त्यांचा पदर ओढत होते. वकिलाने मागे वळून पाहिलं. म्हाताऱ्या न्यायमूर्तींनी हात वर केला तसा पट्टेवाला जागीच थांबला.

"बाई," ते मराठीत म्हणाले, "इथे साक्ष होत नाही. जे बोलायचं ते पुण्यात बोलून झालं. आमच्यापुढे फक्त कागद आहेत."

"मंग त्यो कागुद खोटा हाय."

तरुण न्यायमूर्तींची लेखणी थांबली. म्हाताऱ्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"बसा," ते म्हणाले. मग लेखनिकाकडे वळून इंग्रजीत काही बोलले.

"तुम्ही बोललात ते लिहू नका म्हणाले," मास्तर पुटपुटले.

अंबुबाई बसल्या. एवढ्या लांब येऊन तोंडातला शब्द हवेत विरून गेला. पण म्हातारे न्यायमूर्ती आता वकिलाशी बोलत होते, सावकाश, समोरचे कागद उलटत. मास्तर ऐकता ऐकता पुढे सरकले, आणि थोडा वेळ तर त्यांना सांगायचंही भान राहिलं नाही.

"काय म्हनतायत?"

"ते विचारतायत, पोरीला कुणी पढवून आणलं असतं, तर सासूसुनेने एकच सांगितलं नसतं का? पोरीला आई नाही, बाप नाही, नवरा वारलेला. साक्ष देऊन तिला परत त्याच घरात, त्याच सासूपुढे जायचं होतं. खोटंच बोलायचं, तर जिच्या आसऱ्याला राहायचं तिला दुखावणारं खोटं कोण बोलेल? म्हणतात, अशा खटल्यात एकट्या बाईच्या शब्दावर जाताना जपून जावं, हे खरं. पण जपून जाणं म्हणजे तिच्यावर विश्वासच न ठेवणं नव्हे."

वकिलाने उत्तर दिलं ते बरंच लांब होतं. मास्तरांनी ते सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलंही नाही.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. घाट चढताना मास्तरांना डुलकी लागली. अंबुबाई बाहेर बघत होत्या, पण डोळ्यांपुढे कुसुम घरात आली ते वर्ष होतं. चौदा-पंधरा वर्षांची, हाताला धरून न्यावी लागेल एवढी बुजरी. मुलगा उद्धव तापाने गेला तेव्हा लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. लोक म्हणाले, पोरीला माहेरी धाडा. माहेरी होतं कोण? त्या हिवाळ्यापासून दोघी एकाच गोधडीत झोपू लागल्या. वखारीत कांदा निवडायला दोघी शेजारी बसायच्या. कुसुम हाताने भराभर निवडायची आणि तोंडाने प्रत्येक कांद्याला नाव ठेवायची. हा सावकार, हा पाटील, ही नाक मुरडणारी विहीण. शेजारच्या बाया हसून हसून डोळे पुसायच्या, आणि कुणाचं पाणी कांद्याने आलंय नि कुणाचं हसण्याने, ते कळायचं नाही. संध्याकाळी दोघी ओढ्याच्या वाटेने घरी यायच्या. वाटेत बोरं वेचायच्या. तिच्या ओच्यात जास्त असायची, आणि घरी आल्यावर ती निम्मी न मोजता म्हातारीच्या ताटलीत टाकायची. तेव्हा ते सुख आहे, असं कधी वाटलंच नव्हतं. रोजचंच होतं ते.

चिंचवड मागे पडलं. पिंपरीच्या माळावर औषधाच्या नव्या कारखान्याचे दिवे लांबूनच दिसत होते. सगळ्या माळावर तेवढाच उजेड. अंबुबाईंनी पदराने चेहरा पुसला.

दीड महिन्याने निकाल लागला. शिक्षा कायम झाली, यशवंतरावाला पोलीस घेऊन गेले. मास्तरांनी पुण्याहून निकालपत्राची नक्कल आणली आणि ती बाईंच्या घरी वाचून दाखवायला आले. अंबुबाईंनी त्यांना दारातच थांबवलं.

"हितं नगं. चावडीवर वाचा. समद्यास्नी बलवा."

"बाई, कशाला उगाच..."

"बलवा म्हनते ना."

रविवारी सकाळी चावडीवर माणसं जमली. बाया मागे, लिंबाच्या पारापाशी. कुसुम यायला तयार नव्हती. अंबुबाईंनी आग्रह केला नाही, नुसतं म्हणाल्या, "आलीस तर बरं हुईल." ती आली, पण बायांपासून लांब, खांबाला टेकून बसली.

मास्तरांनी खाकरून सुरुवात केली. वाक्य इंग्रजीत मनाशी वाचायचं आणि मराठीत सांगायचं, असं चाललं होतं. वखार, तारखा, डॉक्टरांचा दाखला, सगळं आलं. मग त्यांनी एक पान उलटलं, जरा थांबले, एकदा अंबुबाईंकडे पाहिलं आणि पुढचं पान काढून वाचू लागले.

"मास्तर." अंबुबाई उभ्या राहिल्या. "मधलं ऱ्हायलं."

"काय राहिलं?"

"माज्यावरचं. त्ये सायेब ते लिवल्याबिगर ऱ्हायाचे न्हाईत."

मास्तरांनी नजर खाली घातली. त्यांनी मागचं पान पुन्हा काढलं.

"'फिर्यादीची सासू अंबुबाई हिची साक्ष,'" ते हलक्या आवाजात वाचू लागले, "'आम्ही बाजूला ठेवतो...'"

"मोठ्यानं वाचा. मागं बायास्नी ऐकाया येत न्हाई."

"'आम्ही बाजूला ठेवतो,'" मास्तरांनी आवाज चढवला. "'तिला पहिल्या दिवसापासून सर्व ठाऊक होते. स्वतःची अब्रू राखण्यासाठी तिने न्यायालयापासून सत्य लपवले. फिर्यादी मात्र, तिला राहायला दुसरे घर नसतानाही, जे घडले तेच बोलली. तिची एकटीची साक्ष आम्हाला पुरेशी वाटते.'"

पारापाशी बसलेल्या बायांपैकी कुणी खाली बघत होतं, कुणी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतं. अंबुबाई तशाच उभ्या होत्या. त्यांना काही बोलायचं होतं असं नाही. बसावं कसं, हेच त्यांना सुचत नव्हतं.

कुसुम खांबापासून उठली. सगळ्यांच्या मधून चालत पुढे आली आणि तिने सासूच्या दंडाला धरलं.

"बसा आता खाली," ती म्हणाली. "लई येळ उभ्या हायसा."

अंबुबाई बसल्या. त्यांना लागून कुसुमही बसली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मास्तरांकडे पाहिलं.

"वाचा मास्तर, फुडलं."