एल्डाचा कान

इटलीतल्या आमच्या मानियागो गावात बटणाचे चाकू करणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतलाच एक. चाळीस वर्षं घासायच्या चाकाजवळ बसून माझे कान गेले. त्यामुळे नवा चाकू जोडून झाला की मी बटण दाबायचो, आणि माझी बायको एल्डा स्वयंपाकघरातून पात्याचा आवाज ऐकून "झाला" म्हणायची. मगच तो चाकू गिऱ्हाइकाला मिळायचा. एल्डा फेब्रुवारीत वारली. त्यानंतर माझा एकही चाकू दुकानाबाहेर गेलेला नाही.

सान्तेला उजवा हात नाही. पाव, चीज कापायला एका हाताने उघडता येणारा छोटा चाकू त्याने करायला सांगितला होता. काल तो चौथ्यांदा आला. चाकू तयार होता. त्याने बटण दाबलं आणि पातं झटकन बाहेर आलं.

"झाला की रे हा," तो माझ्या कानाशी ओरडला.

"तुला काय कळतंय?"

"हात गेलाय माझा, कान नाही."

"खटका जरासा घासतो, मग ने."

"मागच्या खेपेला असाच घासून बिघडवलास."

त्याचं खरं होतं, पण कानस हातातून सुटेना. मिटलेलं पातं अडवून धरणाऱ्या खटक्यावर मी दोनदा कानस फिरवली, पातं मिटलं आणि चाकू बाकावर ठेवला. बटणाला कुणी हात लावला नव्हता, तरी तो आपोआप उघडला.

सान्तेने टोपी घातली.

"पुढच्या आठवड्यात ये," मी म्हणालो आणि नव्या खटक्यासाठी पोलादाची पट्टी कापायला घेतली.