कुटुंब क्रमांक एकेचाळीस

नळाला पाणी आठवड्यातून एकदा येई, आणि त्या आठवड्यात तो दिवस शनिवार होता. योगिनी पाचला उठली. आधी पिण्याच्या पाण्याचे दोन हंडे भरले, मग मोरीतला ड्रम, मग गॅलरीतल्या बादल्या. एका माणसाला इतके पाणी लागत नाही, हे तिला दर वेळी जाणवे आणि दर वेळी ती सगळी भांडी भरून ठेवी. सहाला तिने कपभर चहा केला. सातला विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायला घेतल्या. ती बुलढाण्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवत असे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गल्लीतली दहा कुटुंबे नोंदवून आणली होती. पहिल्या पानावर तिनेच लिहून दिलेली व्याख्या होती : एका चुलीवरचे अन्न खाणारे ते एक कुटुंब.

साडेसातला अविनाशचा फोन आला. तिचा धाकटा भाऊ; आई-वडील गेल्यापासून तोच धामणगाव बढ्याला भाजीपाल्याचा मळा पाहत असे.

"ताई, उद्या येजो जरा. आत्याच्या फॉर्मवर तुयी सही पायजे."

"कसला फॉर्म?"

"वृद्धाश्रमाचा. निराधार माणसालेच घेतात थे. प्रतिष्ठित माणसानं लिहून द्या लागते म्हने. आता आपल्यात तुयाहून प्रतिष्ठित कोन हाय?" तो हसला. "तिचं राशन कार्ड येगळंच हाय, म्हून सोपं झालं."

कार्ड वेगळे का, हे योगिनीने विचारले नाही. तिला ते ठाऊक होते.

सतरा वर्षांपूर्वी एम.फिल.साठी तिने गावातल्या दोनशे कुटुंबांचे सर्वेक्षण केले होते. जनकाबाई म्हणजे तिच्या वडिलांची मोठी बहीण. नवऱ्याने टाकल्यावर ती माहेरी आली आणि भावाच्या मळ्यात राबू लागली. बाजाराच्या गाडीत माल वेळेवर चढावा म्हणून ती तीनला उठून मेथी, वांगी तोडायला जाई. भांड्यांच्या आवाजाने मुलांची झोप मोडू नये, एवढ्यासाठी तिने मागच्या अंगणात पत्र्याखाली तीन दगडांची चूल मांडली होती. तिथेच आपल्या दोन्ही वेळच्या भाकरी भाजून घेई. कालवण मात्र घरातले असे.

योगिनी सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन स्वतःच्या घरी गेली, तेव्हा आपल्या माणसांसाठी नियम वाकवायचा नाही असे तिने ठरवलेच होते. चुली दोन, म्हणून कुटुंबे दोन. क्रमांक चाळीस, महादेवराव, म्हणजे तिचे वडील. क्रमांक एकेचाळीस, जनकाबाई, सदस्यसंख्या एक.

"मले कोनात लिवलं, योगे?" आत्याने विचारले होते. योगिनीने वाचून दाखवले. आत्या "बरं" म्हणाली आणि तिने तव्यावरची भाकर उलटली.

मार्गदर्शकांनी त्या काटेकोरपणाचे कौतुक केले. वर्षभराने गावात नवी राशन कार्डे निघाली, तेव्हा योगिनीची आई, अन्नपूर्णाबाई, म्हणाली, "पोरीनं शिकून लिवलं, थे खोटं थोडीच असन?" आत्याचे कार्ड वेगळे झाले. पुढे घरातले कालवण आपोआप बंद झाले. अविनाशच्या लग्नपत्रिकेत घरच्यांची नावे छापली, त्यांत आत्याचे नव्हते. ते कोणाच्या लक्षातही आले नाही. योगिनीच्याही, पत्रिका वाटून होईपर्यंत.

रविवारी ती एसटीने पोहोचली, तेव्हा आत्या पत्र्याखाली बसली होती. शेजारी बांधलेले गाठोडे होते. डिंपलने, अविनाशच्या बायकोने, पाणी आणून दिले.

"ताई, मायं कमरेचं आपरेशन झालं. आत्याले उठवनं-बसवनं होत नाही मले," ती खालच्या आवाजात म्हणाली. ते खरेच होते.

अविनाशने फॉर्म पुढे केला. अर्जदाराच्या कुटुंबात कोणीही नाही, असे मी प्रमाणित करते. खाली सहीची रेघ.

"देऊन टाक सही, बाई," आत्या म्हणाली. "लय चकरा झाल्या त्याले."

"तुले जायचं हाय का, आत्या?"

"मायं काय? मी त एकलीच हाओ न. तूच त लिवलं व्हतं." आवाजात राग नव्हता. "थ्या दिवशी मले वाटलं, पोरगी शिकली. आपल्याले दिसत नाही, थे तिले दिसलं असन."

योगिनीने पेनाचे टोपण लावले.

"थे मायं चुकलं, आत्या."

"सतरा वर्सानं कळलं?" आत्या हसली. "परीक्षेत असती त मास्तरनं नापास केली असती तुले."

"मी सही करत नाही, अविनाश."

"मंग ठेवतं कोन? तू?" त्याने टोमणा मारला नव्हता; त्याला खरोखर उत्तर हवे होते.

"हो. मी."

"दुसऱ्या माळ्यावर चढन का थे?"

"खालची खोली रिकामी हाय. मालकाले काल रातीच विचारलं."

आत्या गाठोड्याची गाठ चाचपत राहिली. "मी तिथं काय करू? ना मळा, ना माती."

"नळाले पानी पाचले येते. मले जाग येत नाही," योगिनी म्हणाली. हे खोटे होते.

"पाचले?" आत्या म्हणाली. "पाचले त दुपार होते, बाई."

दुपारच्या गाडीने दोघी निघाल्या. अविनाशने आत्याला हात धरून गाडीत चढवले आणि गाडी सुटेपर्यंत तो खिडकीपाशी उभा राहिला. रस्ताभर आत्या मळे पाहत होती. कोणाची मेथी तोडायला झाली, हे ती नावानिशी सांगत होती.

सोमवारी महाविद्यालयात जाण्याआधी योगिनी पुरवठा कार्यालयात गेली. लिपिकाने दोन्ही कार्डे पाहिली.

"मॅडम, आजींचं नाव तुमच्या पांढऱ्या कार्डावर आलं की त्यांचं धान्य बंद होईल. वेगळंच राहू द्या, फायद्याचं आहे."

"नको," ती म्हणाली.

ग्रंथालयातल्या तिच्या प्रबंधात कुटुंब क्रमांक एकेचाळीस तसेच राहणार होते. त्यावर आधारलेले दोन तक्तेही. तिने अर्ज काउंटरवर सरळ केला. नाव : जनकाबाई. कार्डधारकाशी नाते : आत्या. सदस्यसंख्येपुढे दोन लिहून तिने खाली सही केली.