आमच्या गावचा होझर

आमच्याकडे कॅनडातल्या सस्कॅचवनमध्ये होझर म्हणजे बावळट, गबाळा, कुणीही टोपी घालावी असा माणूस. हा शब्द आला कुठून, यावर बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाशेजारच्या खोपटात हमरीतुमरी होते. कुणी म्हणतं, ट्रॅक्टरमधलं पेट्रोल होजनं, म्हणजे पाइपनं, ओढून चोरणाऱ्यांवरून. कुणी म्हणतं, सामना हरेल त्या संघानं पाइपनं पाणी मारून बर्फ पुन्हा गुळगुळीत करायचा, त्यावरून. मला विचाराल तर सरळ माझ्यावरून. मी गोलकीपर. खेळातली चकती माझ्या दोन पायांमधून माहेरी आल्यासारखी आत शिरते.

जिंकणारे खोपटात जाऊन लॉरेटाच्या हातची कॉफी पितात आणि मी बाहेर पाणी मारतो. लॉरेटावर माझा जीव जडला त्याला जमाना झाला. पण हरलेल्या तोंडानं लग्नाचं काय विचारायचं? ठरवलं, जिंकेन त्या दिवशी विचारीन. म्हणजे जन्मभर न विचारण्याची सोयच करून ठेवली होती म्हणा.

गेल्या रविवारी अक्रीत घडलं. आम्ही जिंकलो. समोरचे निम्मे तापानं घरी पडले होते, ते सोडा. मी छाती काढून लॉरेटासमोर बसलो, तोंड उघडलं, आणि खिडकीतून बाहेरचं दिसलं. पाइप एकाच जागी धरून गडी खुशाल गप्पा मारतोय! तिथं बर्फाला टेंगूळ येणार. मला राहवेना. आलोच म्हणून धावलो, पाइप हिसकावला आणि पातळ थर देत मागे मागे सरकू लागलो. मैदान संपत येऊन गोलपुढे पोचल्यावर लक्षात आलं, आपण काय सोडून आलो ते. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तेवढ्यात पाइप हलका लागला. वळून बघतो तर मागून लॉरेटानं उचलून धरलेला. आत काय विचारणार होतास, म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वेळी जिंकलो की विचारतो.

"मायरन, जिंकणारे आधी येतात नि पिऊन जातात. मग शेवटपर्यंत कॉफी गरम ठेवते ती कुणासाठी रे?"

मी खांबासारखा उभा. पाणी बुटांवर वाहतंय, त्याचंही भान नाही. विचारलं एकदाचं. ती हो म्हणाली आणि खोपटाकडे चालू लागली. मीही निघालो, तर पाय उचलेना. बूट बर्फात गोठले होते. मग बूट तिथंच टाकून फाटक्या मोज्यांनी तिच्यामागे पळालो.

बूट अजून गोलपुढे उभे आहेत. शब्द कुठून आला म्हणून कुणी विचारलं, की आता गावातली माणसं वाद घालत नाहीत. त्या बुटांकडे बोट दाखवतात.