दाराच्या जागी लावलेला पडदा

मित्रांनो, मी एक पडदा आहे. हिरवा होतो, आता शेवाळी झालो आहे. कापडाने आपली कहाणी सांगावी की नाही, याची मला स्वतःलाच खात्री नाही. आणि सांगायचीच तर रागावून सांगू नये, एवढेही मला कळते. शाळेच्या निबंधांतली जुनी छत्री, जुनी सायकल कशा हळू, समजूतदार आवाजात बोलतात. मला ते जमेलसे वाटत नाही. इतकी वर्षे मी वाऱ्यावर हलण्यापलीकडे काही केलेले नाही. पण आज मला राग आला आहे, आणि राग काही घडी घालून कपाटात ठेवता येत नाही.

माझे गाव चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमेवर, जंगलाला लागून आहे. तालुक्याचे गाव आहे एवढेच सांगतो. नाव सांगणार नाही. तिथल्या सरकारी दवाखान्यात एक लहानशी खोली आहे. पूर्वी तिथे रिकामी खोकी आणि मोडके स्टँड ठेवत. तिचे दार वाळवीने खाल्ले आणि एक दिवस चौकटीतून निखळून पडले. खोकीच ठेवायची होती, म्हणून दाराची कुणाला आठवणही झाली नाही. मग वरून हुकूम आला, की दर सोमवारी मनाच्या आजारांवर सल्ला देणाऱ्या बाई येतील, त्यांना बसायला जागा करा. खोकी हलली, टेबल आले, दोन खुर्च्या आल्या. दाराबद्दल विचारल्यावर कारकून म्हणाले, "दार येईल. तोवर पडदा लावू."

त्या 'तोवर'मधून माझा जन्म झाला.

बसस्टँडजवळच्या बाबूभाई टेलरांनी मला शिवले. त्यांची मुलगी फरहा काजे करत होती. बाबूभाईंना माझा अभिमान वाटला. मला उजेडात धरून ते म्हणाले, "देख फरहा, याच्याआड हत्ती उभा केला तरी बाहेरून दिसनार नाई!" फरहा म्हणाली, "अब्बा, हत्ती दवाखान्यात काऊन येईन?" दोघेही हसले. मीही खूश झालो. कुणीतरी आत बसेल आणि मी त्याला जगाच्या नजरेपासून झाकेन, याहून चांगले काम पडद्याला कोणते असणार?

पाहणीला आलेल्या साहेबांनी माझा रंग वाखाणला. "डोळ्यांना थंड वाटतो," असे ते म्हणाले. माझा फोटोही काढला. पण मित्रांनो, माझ्या मागे बसून कुणी बोलले तर ते कुठवर ऐकू जाते, हे मात्र कुणी पाहिले नाही. माझ्या बाहेरच्या अंगाला, अगदी हातभर अंतरावर, लोखंडी बाक होता. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येणारे लोक त्याच्यावर बसत, कारण पंखा तिथेच होता.

दिव्या मॅडम दर सोमवारी बसने येत. वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरात वाढलेल्या, बारीक आवाजाच्या. पहिल्या दिवशी त्यांना पाहून मला वाटले, या काय करणार? त्यांच्याकडे ना सुई, ना बाटली. पण त्या ऐकत. पेशंट थांबला की त्याही थांबत, आणि त्याचे वाक्य स्वतः पुरे करत नसत. गोळ्या लागतील असे वाटले तर डॉक्टरांकडे पाठवत. उरलेले काम बोलण्याचे, आणि ते एका दिवसात होत नाही, हे त्या प्रत्येकाला आधीच सांगत. निजायची वेळ ठरवा, मोबाइल उशाशी घेऊ नका, रोज थोडे तरी पायी फिरा. छाती धडधडू लागली तर श्वास हळूहळू बाहेर सोडा, फुंकणीने चूल पेटवतो तसा. आणि मनातले एका तरी माणसाला सांगा.

या शेवटच्या गोष्टीसाठीच तर ती खोली होती. "इथे बोललेले इथेच राहते," असे दिव्या मॅडम म्हणत, तेव्हा मी अंग आखडून घेई. कारण मला माहीत होते, तसे राहत नाही. पण मी काय बोलणार? मी कापड.

आता बुधूविषयी. बुधू हे त्याचे खरे नाव नाही, मी बदलले आहे. बाकावरच्या सोमाजीचे मात्र बदललेले नाही.

बुधू जंगलातल्या एका गावचा, वनखात्यात रोजंदारीवर. उन्हाळ्यात वणवे विझवायचे हे त्याचे काम. मोहफुलांच्या दिवसांत त्याच्या शेजारच्या पत्रूला वाघाने बुधूच्या डोळ्यांदेखत नेले. हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होते. त्यानंतर बुधूचे जंगलात जाणे थांबले, मग अंधार पडल्यावर अंगणात जाणे थांबले. पावसाळा सरता सरता त्याची बायको सुकरी त्याला हाताला धरून माझ्यामागे घेऊन आली. होळीनंतर वणवे सुरू होतात. तोवर त्याचा पाय जंगलात पडला तर ठीक, नाहीतर माणूस कायमचा घरात बसेल, ही तिला भीती.

आत तो काय बोलला, ते मी सांगणार नाही. मला सांगता येईल, सगळे ऐकले आहे मी. पण मग माझ्यात आणि सोमाजीत फरक काय राहिला? बाहेर गावभर जे पसरले तेवढेच सांगतो. ते असे, की बायकोच्या पदराचे टोक मुठीत धरल्याशिवाय बुधूला रात्री झोप येत नाही.

सोमाजी त्या दिवशी बाकावर होता. त्याचा चौकात पानठेला आहे. गप्पिष्ट माणूस, तसा दुष्ट नाही. त्याने कान लावला होता असेही म्हणवत नाही. शब्दच चालत त्याच्यापर्यंत गेले, माझ्यातून. पण पुढचे त्याने केले. पानाला चुना लावावा तसे ते बोलणे त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला लावून दिले.

बुधूला तोवर थोडे बरे वाटू लागले होते. सुकरीसोबत तो संध्याकाळी हातपंपापर्यंत जाऊ लागला होता. नंतरच्या एका सोमवारी तो पहिल्यांदा एकटा आला. त्याने अंघोळ केली होती, भांग पाडला होता. तो माझ्यापाशी पोचला तोच बाकावरून सोमाजीचा आवाज आला.

"काऊन बुधूभाऊ, आज पदर घरीच ठेवून आला का?"

बाक हसला. म्हातारे हसले, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एकाने वाघासारखी डरकाळीही फोडून पाहिली, ती खोकल्यासारखी निघाली, म्हणून आणखी हसू झाले. बुधूचा हात माझ्या काठाला लागला होता. मग त्याने हात काढला आणि आल्या पावली निघून गेला.

दिव्या मॅडम बाहेर आल्या. "बुधू आले होते ना? कुठे गेले?"

"गेला बापा, काही काम असंन," सोमाजी म्हणाला आणि खाली चपलेकडे पाहू लागला.

पुढच्या सोमवारी बुधू आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दिव्या मॅडम कारकुनांकडे गेल्या, दारासाठी भांडल्या. भांडण मला इथवर ऐकू आले. कारकून म्हणाले, "मॅडम, दार मंजूर आहे. पण पडदा चांगला आहे ना अजून!"

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. माझा राग तिथून सुरू होतो.

थंडीच्या दिवसांत एका सोमवारी सुकरी एकटीच आली. बाकासमोर उभी राहून तिने विचारले, "सोमाजीभाऊ कोन हाय इथी?"

सगळ्यांच्या माना एकीकडे वळल्या.

"मी हाव. काऊन?"

सुकरीने आपल्या पदराचे टोक त्याच्या नाकापुढे धरले. "हा घ्या. हाच पदर. गावाले सांगून राह्यले ना तुमी? नीट पाहून घ्या. धरून पाहा."

"अवो बाई, मजाक केली वो मी!"

"मजाक? वाघानं पत्रूभाऊले नेलं तवा तुमी कुठी होते? पान लावून राह्यले होते. माहा मानूस तिथी होता. तो रातभर माहा पदर धरते, अन् मी धरू देते. तुमची बायको देईन का?"

"देते काहाची! हाकलून देईन," एक म्हातारी म्हणाली आणि बाकावर पुन्हा हसू उसळले. या खेपेला ते सोमाजीवर होते.

सुकरी तिच्यावरच उलटली. "हासू नोका बाई. त्या दिवशी तुमीबी हासल्या असान. तवापासून तो भिंतीकडं तोंड करून बसून राह्यला. जेवत नाई, बोलत नाई. हातपंपावर जात होता, तेबी बंद झालं. जंगलात आग लागली का यालेच बोलावता, अन् याच्या मनात आग लागली त तुमी हात शेकता?"

मग ती म्हणाली, "उठा. बाक उचला."

"कुठी न्यायचा?"

"तिथी. लिंबाखाली."

"अवो, गारठा लागते तिथी. माहा बीपी हाय!" सोमाजी म्हणाला.

"बीपीची गोळी तिथीबी गिळता येते."

आणि मित्रांनो, त्यांनी बाक उचलला. सोमाजीने एक टोक धरले. फरशीवर लोखंडाचा असा काही आवाज झाला, की दिव्या मॅडम धावत बाहेर आल्या.

"म्याडम, तुमालेबी सांगते," सुकरी म्हणाली. "तुमी म्हनलं होतं, इथलं इथीच राह्यते. नाई राह्यलं."

दिव्या मॅडमनी सबब सांगितली नाही. त्या म्हणाल्या, "नाही राहिलं. मी पडद्याला दार समजून बसले. चूक माझी आहे, सुकरीताई."

सुकरीने माझा काठ चिमटीत धरून पाहिला. "ह्या फडक्याच्या भरोशावर?" एवढेच ती बोलली. इतकी वर्षे धूळ खाल्ली, चुळा अंगावर घेतल्या, पण त्या चिमटीइतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

नंतर ती बुधूला घेऊन आली. तो पायरीवर उभा राहून बाकाची रिकामी जागा पाहत राहिला. बऱ्याच वेळाने आत आला. मग दर सोमवारी येत राहिला, आधी तिच्याबरोबर, पुढे एकटा. होळी झाली. एका सोमवारी तो वनखात्याच्या खाकी सदऱ्यात आला आणि त्याच्या अंगाला धुराचा वास होता. तो पुरता बरा झाला असे मी म्हणत नाही. दिव्या मॅडमही म्हणत नाहीत. पण तो जंगलात जाऊन आला होता.

इथे माझी गोष्ट संपली असती तर मी रागावलो नसतो.

पण उन्हाळा आला. आवारातल्या त्या कडुलिंबाची सावली दुपारी आखडते. कुणीतरी बाक थोडा भिंतीकडे सरकवला. दुसऱ्या सोमवारी आणखी थोडा. कुणाच्या मनात काही वाईट नव्हते, मित्रांनो! ऊन होते आणि पंखा इकडे होता, एवढेच. सरकत सरकत बाक पुन्हा माझ्याशी येऊन टेकला. सोमाजी आता बोलत नाही, खाली मान घालून बसतो. पण कान खाली घालता येत नाहीत.

गेल्या सोमवारी बुधू आला. त्याने बाक पाहिला आणि तो पायरीवरच थांबला. दिव्या मॅडमनी ते पाहिले. त्या उठल्या, बाहेर आल्या, म्हणाल्या, "चला, चालत बोलू." भर दुपारी, चंद्रपूरकडच्या त्या उन्हात, ती दोघे पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारत राहिली. एका माणसाला आपल्या मनातले सांगायचे, तर त्याने डोके तापवून घ्यायचे! आणि मी इथे सावलीत लोंबतो आहे, रिकाम्या खोलीचे रक्षण करत.

मुलांनो, तुमच्या घरातले कुणी अशा खोलीत जाईल, कदाचित तुम्हीही जाल. तापासाठी जातो तसेच ते जाणे आहे. त्याला हसू नका. बाहेर बसला असाल आणि आतले ऐकू आले, तर उठून लांब जा. लांब जाता येत नसेल तर ऐकलेले गिळा. ते तुमचे नाही.

पण मला खरे मागणे मोठ्यांकडे मागायचे आहे, आणि ते मला ऐकतील की नाही, शंकाच आहे. म्हणून तुमच्याजवळ सांगतो, तुम्ही त्यांना वाचून दाखवा. माझ्यासारखे जुने जीव शेवटी म्हणतात, आम्हाला सांभाळा, फेकू नका. माझे तसे नाही. बाबूभाईंनी मला पक्के शिवले, तीच अडचण झाली आहे. मी फाटलो असतो तर एव्हाना दार आले असते. मी धड आहे, म्हणून ते येत नाही. मी वर्षानुवर्षे दुसऱ्या कुणाच्या तरी जागी उभा राहून "चालते आहे ना" असे सांगत आलो, आणि त्या दुसऱ्याचे नाव दार आहे.

तेव्हा मला धुऊ नका, रफू करू नका, माझा फोटो काढू नका. मला दांडीवरून ओढून काढा आणि फरशी पुसायला घ्या. चौकट उघडी दिसू द्या. पाहणीला येणाऱ्या साहेबाला त्या खुर्चीवर बसवा, बाकावर गाव बसवा, आणि साहेबाला म्हणा, आता बोला, तुम्हाला रात्री कशाची भीती वाटते?