नानाखेड्यात मराठी दिसत नाही

"दिलीपदादा, मराठी चॅनल माधव नगरात येतं आणि नानाखेड्यात येत नाही. तिकडच्यांना काय मराठी कळत नाही?"

हे विचारायची पैज श्रुती आणि शर्वरी या मैत्रिणींनी जयूशी लावली होती. दोघी उज्जैनच्या देवास गेटजवळ दिलीपदादाच्या केबलच्या दुकानाबाहेर तोंडात ओढण्या कोंबून उभ्या होत्या. वर्षभरापूर्वी दुकानात साधी पेन्सिल मागतानाही जयूची जीभ टाळ्याला चिकटायची. पण त्या साली शाळेत कॉम्प्युटर आला, आणि तो तिला असा काही वश झाला की अडलं की सरसुद्धा तिलाच हाक मारायचे. तेव्हापासून जयू कुणालाही काहीही विचारू लागली होती.

दिलीपदादाला हसू आलं नाही. नानाखेड्याची तार जुनी, तिच्यातून मोजकीच चॅनल जातात, आणि तिकडे मराठी घरं अशी कितीशी, असं त्यानं सांगून टाकलं. त्याची डोकेदुखी वेगळीच होती. ज्या मोहल्ल्यात जे दिसत नाही, नेमकं तेच तिथल्या लोकांना हवं असायचं, आणि सकाळपासून दुकानात हुज्जत. मोठ्या हौसेनं घेतलेल्या कॉम्प्युटरवर तो अजून पत्तेच खेळत होता.

"तुला हा कॉम्प्युटर येतो म्हणे ना? मग यात एक प्रोग्राम कर, गिऱ्हाइकानं मोहल्ला निवडला की त्याला तिथलंच दिसलं पाहिजे. दुसरीकडच्याचं नावसुद्धा नको. दिसलं की मागतात."

दिवाळीच्या सुट्टीत जयूनं ते करून दाखवलं. निळा पडदा, पिवळी अक्षरं. माधव नगर निवडलं की लांबलचक यादी, नानाखेडा निवडलं की चिमुकली. हुज्जत खरंच थांबली. जयू संध्याकाळी दुकानात अशी बसायची, जणू अख्ख्या उज्जैनचा टीव्ही तिच्या बोटावर चालतोय.

आणि एक दिवस माणिकमावशी आल्या.

माणिकमावशी म्हणजे माधव नगरात जयूच्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारीण. शनिवारी संध्याकाळी मराठी नाटक लागायचं, तेव्हा मावशी वाटीभर शेव घेऊन जयूच्या घरी यायच्या आणि नाटकातल्या सुनेला काय करायचं ते मोठ्यानं सांगत बसायच्या. आई हसून हसून डोळे पुसायची. बाबा कंटाळल्याचं दाखवायचे, पण जागेवरून हलायचे नाहीत. मग मावशींच्या मुलानं, विक्रांतनं, नानाखेड्यात घर बांधलं. त्या तिकडे राहायला गेल्यावर शनिवार कसा रिकामा-रिकामा झाला. आई नाटक लावायची आणि मध्येच उठून भाजी निवडायला घ्यायची.

जयूनं मोठ्या ऐटीत मावशींना पडद्यापुढे बसवलं. त्यांनी नानाखेडा निवडलं, चष्मा सावरला, यादी वरून खाली वाचली, पुन्हा एकदा वाचली.

"बंदच पडलं होय ते मराठी? मला वाटलं, आमचाच टीव्ही बिघडलाय." मग त्यांनी जयूच्या पाठीवरून हात फिरवला, छान केलंयस म्हणाल्या, आणि टेंपो पकडायला निघून गेल्या.

जयूनं नानाखेड्याची यादी पुन्हा उघडली. चॅनल बंद पडलं नव्हतं. तिनंच तर ते झाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिलीपदादाला न विचारताच तिनं यादीखाली फिक्या अक्षरांत न येणाऱ्या चॅनलांची नावं घातली. शेजारी एक खूण, हवं असेल तर दाबा. दादा भडकलाच, धंदा बसवशील म्हणाला.

"येत नाही असं सांगा ना, दादा. जगात नाहीच, असं कशाला दाखवायचं?"

दादानं ते काढून टाकायला सांगितलं, पण काढता त्याला येत नव्हतं आणि जयू काढेना. संक्रांतीपर्यंत नानाखेड्याच्या नव्या कॉलन्यांतली इतकी बँकवाली, रेल्वेवाली, मास्तर मंडळी मराठीपुढची खूण दाबून गेली की दादाच चाट पडला. कुणी बघत नसलेलं एक चॅनल काढून त्यानं तिकडे मराठी सोडलं.

त्या शनिवारी जयू उड्या मारतच घरी आली. आता मावशींना नाटक दिसणार. नाटक सुरू झालं आणि फोन वाजला. मावशीच. आई रिसीव्हर कानाला लावून टीव्ही बघत होती, मावशी तिकडे बघत होत्या, पण सुनेला काय करायचं ते कुणीच सांगत नव्हतं. 

जयू उठली आणि तिनं टीव्ही बंद केला.

"आई, मावशींना सांग, आम्ही निघालो. बाबा, स्कूटर काढा. आजपासून शनिवारी आपला टीव्ही लागणार नाही, आपण नाटक त्यांच्याकडे बघायचं."

"आणि शनिवारी मॅच असली तर?" बाबांनी पेपर खाली न करताच विचारलं.

"मॅच नानाखेड्यातही येते, यादी मीच केलीय. पण बघायचं नाटकच, बाबा. मी ठरवलंय."