आत्याची सुई थांबते तिथे

ऑफिसात मला 'टेपताई' म्हणत. तोंडावर नव्हे, पण माझे कान शाबूत आहेत. आमचा कारखाना म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या बनवतो. हाताशी असलेलं बटण दाबलं की बैठक हळूहळू वर येते आणि माणूस आपला आपण उभा राहतो. ही खुर्ची लोकांपुढे मांडून विकायचं काम मी साहेबांच्या हातापाया पडून मिळवलं होतं. त्याआधी कित्येक वर्षं मी तक्रारींचा फोन उचलत होते, म्हणजे लोकांचा राग गोड आवाजात ऐकून घेत होते.

पहिल्या सादरीकरणाला मी सगळं तोंडपाठ करून गेले. मध्येच एका गृहस्थांनी काहीतरी विचारलं आणि माझं पुढचं वाक्य गायब झालं. आता करायचं काय? मी सरळ "नमस्कार मंडळी"पासून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या ठिकाणी तर दोनदा. तिथल्या बाई शेवटी म्हणाल्या, "अहो, नमस्कार झाला आपला. पुढे चला आता." ही गोष्ट ऑफिसात माझ्याआधी पोहोचली आणि पुन्हा पुन्हा मागे जाणाऱ्या टेपवरून मी टेपताई झाले.

मग साहेबांनी बोलावलं. "ताई, गुरुवारी वृद्धाश्रमाच्या समितीपुढे जायचंय. तिथे जमलं तर उत्तमच. नाहीतर तुमचा फोन आहेच की, तो कुठे पळून जात नाही." अगदी मायेने म्हणाले, म्हणून जास्त झोंबलं. त्या फोनपाशी मला काही झालं तरी परत बसायचं नव्हतं.

घरी मी आणि आत्या, दोघीच. आत्या शिंप्यांच्या दुकानांना काजं करून देते. खिडकीशी स्टुलावर बसून दिवसभर शर्टांची काजं. गुडघे कामातून गेलेत, पण उठताना कुणी हात पुढे केलेला चालत नाही. "मी काय गोणी आहे उचलायला?" आमचीच खुर्ची घरी आणू म्हटलं, तर म्हणे, "ती म्हाताऱ्यांसाठी असते." आत्या सत्तरी कधीच ओलांडून बसली आहे.

त्या संध्याकाळी मी तिच्यासमोर उभी राहून भाषण सुरू केलं. मोटर, पोलाद, वजन, हमी. आत्याची सुई आपली चाललेली, वर, खाली, वर, खाली.

"आत्या, ऐकतेयस का?"

"ऐकतेय गं. कानाने ऐकतात, हातांचं काय काम त्यात?"

दुसऱ्या दिवशी तेच. आवाज चढवला, हातवारे केले, एकदा तर टेबलावर थापही मारली. आत्याने शांतपणे नवा दोरा ओवला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तुला काही पडलेलीच नाही!" मी ओरडले. "सकाळी उठताना तू खिडकीचा गज धरतेस, ओठ घट्ट आवळतेस. मी आले की हात सोडून देतेस आणि म्हणतेस, बसले होते मजेत. कुणाला हाक मारायला लागू नये म्हणून तहान लागली तरी बसून राहतेस. मला दिसत नाही का? अगं, त्यासाठीच तर आहे ना ती खुर्ची!"

सुई थांबली.

आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे सांगतेस का तिथे?"

"हे कसं सांगणार? हे भाषणात कुठे आहे?"

"मग भाषण कशाला करतेस?" ती म्हणाली आणि पुन्हा काजाला लागली.

मी रागावून चहा करायला गेले. चहा उकळून निम्मा झाला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढचे दिवस मी फक्त तिच्या हातांकडे बघत बोलत राहिले. सुई चालू राहिली की ते वाक्य गेलं. पोलाद गेलं, कारखान्याचा इतिहास गेला, साहेबांनी लिहून दिलेलं आवडतं वाक्यही गेलं. आत्याने तोंडाने एकदाही शाबासकी दिली नाही. तिला ऐकल्याचं नाटक करता येत नाही, आणि तेच माझ्या कामी आलं.

गुरुवारी समितीची खोली गच्च भरलेली. दोन वाक्यं होतात न होतात तोच समितीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "वीज गेली तर माणूस अर्धवट वर लटकून राहणार का?"

जिभेवर "नमस्कार मंडळी" आलंच होतं. मी ते गिळलं. मग लक्षात आलं, हा तर फोनवरचा प्रश्न! अशा प्रश्नांची उत्तरं देण्यात तर माझी उमेदीची वर्षं गेली होती. "नाही डॉक्टर," मी म्हटलं, "खाली हाताने फिरवायची कळ आहे. या, तुम्हीच बसून बघा."

ते बसले, वर आले, खाली गेले, खूश झाले. बाकीच्यांचे हात मात्र चाललेलेच होते. व्यवस्थापक बाई पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. खजिनदार मोबाइलवर बोट फिरवत होते. मी मोटरीचा भाग सोडूनच दिला आणि खिडकीचा गज धरून उठणाऱ्या एका बाईबद्दल सांगितलं. ती कुणाला हाक मारत नाही, तहान लागली तरी मारत नाही. ती माझी आत्या आहे, हेही सांगितलं.

टोपण थांबलं. मग मोबाइल टेबलावर पालथा पडला. खजिनदार हळूच म्हणाले, "आमच्या आईचं असंच होतं." पुढे त्यांनी किती तरी विचारलं आणि मी एकदाही मागे गेले नाही. उठता उठता व्यवस्थापक बाईंनीच सांगितलं, "खुर्च्या पाठवा. आधी खालच्या मजल्यासाठी, मग वर बघू."

घरी येताना बसमध्ये मी आत्याला काय म्हणायचं ते नीट जुळवलं. दारातून आत आले, बातमी सांगितली आणि सुरू केलं, "आत्या, आज मला जे यश मिळालं, त्यात तुझा वाटा फार मोठा आहे..."

सुई चालूच.

"पाठ करून आलीस ना?" आत्या म्हणाली.

मला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू. "तू ऐकलंस गं," एवढंच म्हणता आलं. "रोज ऐकलंस. दुसरं कोण होतं मला?" पुढचं वाक्य नव्हतंच, आणि या वेळी मी ते शोधलंही नाही.

सुई थांबली. आत्याने ती शर्टात टोचली, शर्ट बाजूला ठेवला, चष्मा पुसला.

"तुझी ती खुर्ची येऊ दे एक घरात," ती म्हणाली. "तोवर हात दे."

आणि तिने आपला हात माझ्यापुढे केला.