क्षणभर विझणारा दिवा

माझे डोळे चालले, असं मी धरून चाललो होतो. तीन आठवडे हे कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी खिडकीतला उजेड उतरू लागला की पुस्तकातली अक्षरं फिकट व्हायची, मग उजळायची, पुन्हा फिकट. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. डॉक्टरांकडे जायला धीर होईना. त्यांनीही तेच सांगितलं असतं तर? त्यापेक्षा मी वाचनालयाचं कार्ड परत केलं आणि ग्रंथपालबाईंना म्हटलं, माझी घरची पुस्तकंही शनिवारी घेऊन जा. चाळीस वर्षांत जमलेली पुस्तकं. शुक्रवारी दुपारी कपाटासमोर बसून मी गठ्ठे बांधायला घेतले.

सून दारात उभी राहिली. "बाबा, घर सोडून चाललात की काय?"

ती वजनकाटे दुरुस्त करते. मागच्या खोलीत तिचं टेबल आहे. माझा वाचायचा दिवाही नुकताच तिनेच करून दिला होता : एलईडींची एक पट्टी आणि तिला खेटून मसुराएवढा सेन्सर. खोलीतला उजेड कमी झाला की दिवा आपोआप वाढायचा. "दिवा कसा आहे?" असं ती रोज विचारायची. मी म्हणायचो, "छान."

"डोळे दगा देतायत," मी म्हणालो, आणि मग सगळंच सांगावं लागलं.

"सकाळी होतं असं?"

"नाही."

"स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली?"

"तिथे कशाला वाचेन मी?"

तिने पडदा ओढला, दिवा लावला आणि माझ्या खुर्चीत बसून पुस्तक उघडलं. दोन पानं वाचली. मग म्हणाली, "बाबा, माझेही डोळे गेले."

मला समजायला जरा वेळच लागला.

"दिवा झोके खातोय," ती म्हणाली. "चूक माझी आहे. सेन्सर इतका जवळ बसवला की त्याला खोलीपेक्षा दिव्याचाच उजेड जास्त दिसतो. दिवा वाढला की त्याला वाटतं, उजाडलं. मग तो दिवा उतरवतो. उतरला की वाटतं, अंधारलं. आणि तुम्ही दिव्याला पास केलंत, स्वतःला नापास."

"तू एवढ्या मेहनतीने केला होतास. म्हटलं, खोट असेल तर माझ्यातच असेल."

"तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असती तर माझा धंदा बसला असता. काटा चुकलाय म्हणायचं सोडून सगळे आपलं जेवण कमी करत बसले असते."

मी हसलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच हसलो असेन.

तिने आधी सेन्सरभोवती काळ्या कागदाची नळी लावली. तरी झोके थांबेनात, कारण पुस्तकाचं पांढरं पान दिव्याचा उजेड परत सेन्सरकडे पाठवत होतं. ती पान आणि दिवा आळीपाळीने पाहत राहिली. शेवटी तिने दिवा खोलला आणि तासभर टेबलाशी बसली. परत आणला तेव्हा म्हणाली, "आता हा अधूनमधून क्षणभर विझेल. तेवढ्यात खोलीचा उजेड मोजेल आणि पुन्हा लागेल."

"विझलेला मला दिसेल?"

"पापणी लवायच्या आत परत लागतो. काट्यावरचं रिकामं भांडं आधी वजा करतात ना, तसंच हे. आधी स्वतःला वजा करायचं, मग खोली मोजायची."

मी वाचायला बसलो. बाहेर अंधारत गेलं. अक्षरं जागच्या जागी उभी होती. मी एकच पान चार वेळा वाचलं. त्यात विशेष काही नव्हतं, पण सोडवेना.

शनिवारी ग्रंथपालबाई मोठ्या पिशव्या घेऊन आल्या, तेव्हा पुस्तकं कपाटात परत गेली होती. मी ओशाळून काय ते सांगितलं. त्यांनी पर्समधून माझं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"रद्द नाही केलं?"

"रजिस्टर काढायचा कंटाळा," त्या म्हणाल्या आणि चहा न घेताच निघाल्या. असा कंटाळा करणारी माणसं मला भेटत आली, हे माझं नशीब.

सुनेचे आभार मात्र तोंडाने मानता येईनात. दोनदा मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन परतलो. तिसऱ्यांदा तिनेच हातातल्या कामावरून नजर न काढता विचारलं, "दिवा कसा आहे?"

"छान..." म्हणालो आणि थांबलो. "डाव्या बाजूचा एक एलईडी थोडा मंद वाटतो."

तिने मान वर केली. खूश झालेली दिसली. "आणा इकडे," ती म्हणाली.